अभ्यासक्रमात नसलेला माणूस

२७ जुलै २०२४ च्या पहाटे बेलापूरच्या शहाबाज गावात ‘इंदिरा निवास’ ही इमारत कोसळली. तिघांचा जीव गेला, दोघांना ढिगाऱ्याखालून जिवंत काढता आले. पण त्या इमारतीत राहणारी पन्नासहून अधिक माणसे त्याआधीच बाहेर पडली होती. तडे जाण्याचा आवाज झाला, लोकांनी एकमेकांना उठवले आणि पोराबाळांना घेऊन सगळे रस्त्यावर आले. पुढच्या दिवसांच्या बातम्यांत बांधकामाची परवानगी, गुन्हा, चौकशी हे सगळे होते, आणि ते असायलाच हवे. त्या काही मिनिटांविषयी मात्र फारसे कुणी विचारले नाही. आवाज ऐकून पहिल्यांदा विश्वास कुणी ठेवला? ‘काही नाही, झोप’ असे कुणी म्हटले का? कुणाचे दार आधी वाजवले गेले आणि कुणाचे राहिले? निघालेले कुणी काही घ्यायला परत वळले का? माणसे वाचतात किंवा मरतात ती बहुतेक वेळा अशाच मिनिटांत, आणि आपल्या महाविद्यालयांत नेमकी हीच मिनिटे शिकवली जात नाहीत.

आपत्ती हा विषयच अभ्यासक्रमात नाही असे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पदवीला पर्यावरण अभ्यास सक्तीचा झाला आणि त्यात पूर, भूकंप, चक्रीवादळ, दरडी यांचे एक प्रकरण आले. मुंबई विद्यापीठाच्या फाउंडेशन कोर्समध्ये, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘एफसी’त, दुसऱ्या वर्षाला आपत्तीचे शारीरिक, मानसिक, आर्थिक, सामाजिक परिणाम आणि मदतवाटपातले मानवी हक्क असा घटक होता. तो ज्याने केला त्याची दृष्टी चांगली होती. पण शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात तो घटक व्याख्या, प्रकार, चार टप्प्यांचे चक्र आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याची रचना एवढ्यावर येऊन थांबत असे. राष्ट्रीय प्राधिकरण, राज्य प्राधिकरण, जिल्हा प्राधिकरण. त्याखाली बाण काढलेली आकृती. त्या आकृतीत माणूस दिसे तो ‘बाधित’ म्हणून, आणि त्याच्याविषयी एवढेच गृहीत धरलेले असे की तो घाबरेल.

खाडीपलीकडे, देवनारला, टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाचे पदव्युत्तर शिक्षण अनेक वर्षे दिले जाते. किल्लारीच्या भूकंपापासून त्सुनामीपर्यंतच्या प्रत्यक्ष कामाची परंपरा या संस्थेला आहे. पण तिथे पोचणारा विद्यार्थी हा विषय निवडून आलेला असतो. वाशी, नेरूळ, बेलापूर, पनवेलच्या महाविद्यालयांत बी.कॉम., बीएमएस, आयटी शिकणारी हजारो मुले उद्या याच शहरात कारखान्याच्या पाळीवर, मॉलमध्ये, बँकेत, लोकलच्या डब्यात असणार आहेत. धोक्याच्या वेळी शेजारी असणार ती हीच. अग्निशमन दलाची गाडी किंवा एनडीआरएफची तुकडी नंतर येते.

घबराटीचे मिथक

या विषयाचा जगभरचा अभ्यास शंभर वर्षांहून जुना आहे. कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात १९१७ मध्ये दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला; त्यावर सॅम्युअल प्रिन्स याने १९२० मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला, आणि आपत्तीच्या समाजशास्त्राची सुरुवात तिथून मानली जाते. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात क्वारांटेली, डाइन्स आणि हास यांनी आपत्ती संशोधन केंद्र काढले. या सगळ्या परंपरेचा सर्वांत ठाम निष्कर्ष सामान्य समजुतीच्या उलट आहे: संकटात माणसे सहसा बेभान होऊन एकमेकांना तुडवत पळत नाहीत. ती उशीर करतात. खात्री करून घेतात. आपल्या माणसांना शोधतात. दुसरे काय करतात ते पाहतात. अनोळखी माणसाला हात देतात.

हे वाक्य वर्गात सांगितले की पहिला प्रश्न येतो तो एल्फिन्स्टनचा. यायलाच हवा. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी साडेदहाच्या सुमारास परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर २३ जण गेले. त्या घटनेची एक गोष्ट सर्वांना पाठ आहे: फुलवालीची फुले पडली, कुणी तरी ‘फूल गिर गया’ म्हणाले, लोकांनी ‘पूल गिर गया’ ऐकले आणि पळापळ झाली. एका जखमी प्रवाशाने तसे सांगितलेही होते. पण ती गोष्ट इतकी लोकप्रिय का झाली, यावर मुलांना विचार करायला लावावा. पाऊस कोसळत होता, छत्री नसलेली माणसे जिन्यावरच थांबली होती, लागोपाठ गाड्या येत होत्या आणि प्रत्येक गाडी आणखी माणसे त्याच जिन्यावर आणून सोडत होती. दर चौरस मीटरला सहा-सात माणसे झाली की त्या गर्दीत कुणाचेच पाय स्वतःच्या ताब्यात राहत नाहीत. मागचा रेटा लाटेसारखा पुढे जातो आणि छाती दाबली गेल्याने माणूस उभ्याउभ्या गुदमरतो. तिथे कुणी शहाणपणाने वागले असते तर वाचले असते, हे खरे नाही. पूल रुंद असता, वर चढणारी माणसे खालीच थांबवली असती, तर वाचले असते. अफवेच्या गोष्टीत दोष मेलेल्यांच्या कानांवर जातो आणि पुलाची रुंदी बाजूला राहते.

२५ जानेवारी २००५ ची मांढरदेवीची दुर्घटना याच नजरेने वाचता येते. वाईजवळच्या त्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेत जवळपास तीनशे भाविक गेले. उतारावरच्या अरुंद पायऱ्या, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरडी झालेली वाट, दोन्ही बाजूंना दुकाने, मग आग. न्यायमूर्ती कोचर आयोगाने त्याची चौकशी केली. पदवीच्या मुलांना परदेशी पाठ्यपुस्तकातला उतारा देण्याऐवजी असल्या चौकशी अहवालांतली दहा-दहा पाने वाचायला द्यावीत. भाषा कोरडी असते, पण कोणत्या वेळी कोण कुठे उभे होते हे त्यातूनच कळते.

नवी मुंबईतल्या वर्गाने मात्र सर्वांत आधी खारघर वाचायला हवे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला. पुरस्कारार्थींचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, आले होते, कित्येक जण आदल्या दिवसापासून. सोहळा भर उन्हात चालला आणि उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. तिथे चेंगराचेंगरीने नव्हे, उन्हाने माणसे मारली. माझ्या मते आपल्याकडच्या आपत्तिवर्तनाच्या अभ्यासात हे प्रकरण मध्यभागी असले पाहिजे, कारण ते घबराटीचे नेमके दुसरे टोक दाखवते. श्रद्धेने आलेला, शिस्तीत बसलेला, शेजारचा बसला आहे म्हणून बसून राहणारा माणूस. आपल्याकडे मोठ्यांचे बोलणे चालू असताना, सत्कार चालू असताना, मधून उठून जाणे हा अपमान समजतात. त्यात उष्माघाताची स्वतःची एक चाल आहे: शरीर तापत जाते तशी विचारशक्तीही मंदावते, आणि आपण संकटात आहोत हे ज्याला सर्वांत आधी कळायला हवे त्यालाच ते कळेनासे होते. मग जबाबदारी वेळ ठरवणाऱ्यावर, मांडव घालणाऱ्यावर, पाणी किती अंतरावर ठेवायचे ते ठरवणाऱ्यावर येते. गर्दीची शिस्त ही आयोजकाची सोय असते. तिच्यामुळे गर्दी सुरक्षित होत नाही.

१९६८ मध्ये लाटाने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एका खोलीत प्रश्नावली भरायला बसवले आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी पाऊणभर जणांनी बाहेर जाऊन सांगितले. सोबत दोन अनोळखी माणसे निर्विकारपणे लिहीत बसलेली असली, तर दहांतला एकच उठला. खारघर समजायला हा प्रयोग पुरेसा नाही. तिथे लोक अनोळखी नव्हते, एका श्रद्धेने बांधलेले होते. पण वर्गात बोलण्याची सुरुवात करायला तो फार उपयोगी आहे, कारण लिफ्टजवळची घंटा वाजली तर आपणही आधी इतरांच्या तोंडाकडेच बघतो, हे प्रत्येक मुलाला माहीत असते.

अफवा आणि सरकारची भीती

अफवांच्या अभ्यासात भारताचा वाटा मोठा आहे आणि तो आपल्याच मुलांना सांगितला जात नाही. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी तिथल्या अफवा गोळा केल्या. हादरा बसला पण घरे शाबूत राहिली अशा भागांत ‘याहून भयंकर काहीतरी येणार आहे’ अशा अफवांचे पेव फुटले होते. पुढे दार्जिलिंगच्या दरडींनंतर दुर्गानंद सिन्हा यांनी पाहिले, तर जिथे लोकांनी विध्वंस डोळ्यांनी पाहिला होता तिथे असल्या अफवा नव्हत्या. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर या कोड्यावर अडला. त्याला वाटले, भीती आधीच मनात आहे आणि समोर तिला कारण दिसत नाही. मग माणूस भीतीला शोभेल अशी बातमी शोधतो. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विसंगतीच्या सिद्धांतामागे या दोन भारतीय अभ्यासांची प्रेरणा आहे. मानसशास्त्राच्या पदवीला तो सिद्धांत शिकवला जातो, प्रसाद आणि सिन्हा मात्र गाळले जातात.

आता २६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्या रात्री हजारो लोक कमरेएवढ्या पाण्यातून हात धरून चालत घरी गेले, अनोळखी घरांत राहिले, लोकांनी रस्त्यावर चहा-बिस्किटे वाटली. आणि दोन दिवसांनी, पाणी ओसरत असताना, जुहूच्या नेहरूनगर वस्तीत लाट येते आहे, धरण फुटले अशी अफवा उठली आणि चेंगरून पंधराहून अधिक माणसे गेली. खुद्द पुरात शांत राहिलेले शहर अफवेने का पळाले? अरुंद बोळ, रात्र, दोन दिवसांचा थकवा, आणि खरी बातमी देणारे कुणी नाही. वस्तीत कुणी अधिकारी ध्वनिक्षेपक घेऊन दर तासाला खरे सांगत असता, तर? हा प्रश्न विचारला की अफवेचा विषय लोकांच्या अडाणीपणावरून हलतो आणि प्रशासनाच्या मौनावर येतो.

घाबरतात ते राज्यकर्तेही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा सक्तीने रुग्णालयात नेण्याच्या धास्तीने २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या सोजिरांनी घरांच्या झडत्या घेतल्या. लोक रोगी लपवू लागले, आणि २२ जून १८९७ ला त्याचा शेवट रँडवरच्या गोळीबारात झाला. लोक बेशिस्त, म्हणून बळ वापरा. बळ वापरले, म्हणून लोक लपवतात. हे चक्र २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा दिसले. शीव-पनवेल महामार्गावरून पोरे-बाळे, बोचकी घेऊन चालत निघालेली माणसे टीव्हीवर ‘नियम मोडणारी गर्दी’ म्हणून दाखवली गेली. त्यांच्या बाजूने पाहिले तर मजुरी थांबली होती, खोलीचे भाडे चालू होते आणि गावी निदान भाकरी होती. पुण्याच्या त्याच प्लेगात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला गेल्या. त्यांचे नाव आपण जयंतीला घेतो. आपत्तीत माणूस कसा वागतो याचे उदाहरण म्हणूनही ते वर्गात घ्यायला हवे.

लोक का निघत नाहीत

हा भाग नवी मुंबईत सर्वांत जवळचा आहे. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. त्यात सी-१ म्हणजे तातडीने रिकाम्या करण्याच्या इमारती असतात. वाशीच्या सेक्टर ९ आणि १० मधल्या सिडकोच्या जेएन टाइप इमारतींचे छत कोसळण्याचे, दुरुस्तीचे, पुनर्विकासाचे प्रकरण इतकी वर्षे चालले की तिथे वाढलेली मुले आज महाविद्यालयात असतील. नोटीस दाराला चिकटवली जाते आणि आत स्वयंपाक चालू असतो. याला ‘निष्काळजीपणा’ म्हणणे सोपे आहे. पण घर सोडले तर भाडे कोण देणार, मुलांच्या शाळेचे काय, एकदा ताबा गेला की परत मिळेल का, सोसायटीतले दोन गट एका विकासकावर कधी एकमत होणार, या प्रश्नांची उत्तरे नोटिशीत नसतात. कोसळण्याचा धोका ‘कदाचित’ असतो, भाडे मात्र दर महिन्याच्या एक तारखेला नक्की असते. माणूस त्या हिशेबाने वागतो आणि त्या हिशेबात तो चूकच असतो असे मी म्हणणार नाही.

सांगली-कोल्हापूरला २०१९ च्या पुरात आणखी एक गोष्ट दिसली. गावागावांत २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती. ‘तेव्हा पाणी इथपर्यंतच आले होते’ या आधारावर पुष्कळ लोक घरात थांबले. पाणी खुणेच्या वर गेले. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये माणसे नेणारी नाव उलटून अनेक जण बुडाले. अनुभव माणसाला वाचवतो तसा अडकवतोही.

इर्शाळवाडीची गोष्ट वेगळी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली ती ठाकरवाडी डोंगराखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता म्हणून जाहीर झाले आणि काही दिवसांनी शोध थांबवावा लागला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती असे सरकारनेच सांगितले. म्हणजे तिथे लोकांनी इशारा डावलला नाही. त्यांच्यापर्यंत इशारा आलाच नाही. नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचा एक अधिकारी मदतीसाठी ती चढण चढताना हृदयविकाराने गेला. मदत करणाऱ्याचे शरीर, त्याची झोप, त्यानंतरचे त्याचे मन हेही या विषयात येते, आणि ते जवळजवळ कुठेच शिकवले जात नाही.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याविषयी थोडक्यात. तिथे धोका वायुगळतीचा. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री लोक पळाले, आणि पळताना त्यांच्या फुफ्फुसांत अधिक विषारी वायू गेला. ओला कपडा तोंडावर धरा, वाऱ्याच्या आडव्या दिशेने जा, एवढे कुणी सांगितले असते तर कित्येक वाचले असते. रबाळे, महापे, तुर्भ्याच्या कारखान्यांशेजारी शिकणाऱ्या मुलांना वारा कुठून वाहतो आहे ते बघायची सवय लावायला एक तास पुरतो. तो तास कुठल्याही वेळापत्रकात नाही.

मदत, बघे आणि संवाद

११ जुलै २००६ ला लोकलमध्ये सात स्फोट झाले तेव्हा रुळांलगतच्या झोपड्यांतून लोक चादरी घेऊन धावले आणि त्यांच्या झोळ्या करून जखमींना नेले. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा जहाजातल्या सोन्याच्या विटा शहरभर उडाल्या आणि घरात पडलेली वीट लोकांनी परत करण्याचेही प्रसंग घडले. दंगलखोर, लुटारू गर्दीचे चित्र अशा नोंदींपुढे टिकत नाही.

पण मदतीची दुसरी बाजूही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी हादरली आणि जवळपास आठ हजार माणसे गेली. मग राज्यभरातून मदत आली, तसे बघेही आले. रस्ते त्यांनी अडवले, आणि जुन्या कपड्यांचे ढीग कुणालाच नको होऊन पडून राहिले. संकटाकडे माणसे, वस्तू आणि बातम्या एकदमच धावतात, हे फ्रिट्झ आणि मॅथ्यूसन या अभ्यासकांनी १९५७ मध्येच मांडले होते. इर्शाळवाडीलाही गर्दी रोखायला जमावबंदी लावावी लागली. आपल्या एनएसएसच्या मुलांना हे सांगणे अवघड जाते, कारण त्यांची कळकळ खरी असते. पण ‘आत्ता जाऊ नका, तीन महिन्यांनी जा, तेव्हा तिथे कुणी नसेल’ हे शिकवणे हाही या अभ्यासक्रमाचाच भाग.

किल्लारीने एक फार मोलाची गोष्टही दिली. घरांच्या दुरुस्ती-मजबुतीच्या कार्यक्रमात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावागावांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभे केले. अनुदान किती, बांधकाम कसे, अभियंता खोटे तर सांगत नाही ना, हे त्या घरोघर जाऊन बोलत. पुनर्वसनात माणूस कुणाचे ऐकतो, तर ज्याला तो रोज पाहतो त्याचे, याचा इतका स्पष्ट पुरावा महाराष्ट्रात दुसरा नाही.

शिकवायचे कसे

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत ओपन इलेक्टिव्ह आहेत, क्षेत्रप्रकल्प आहेत, समुदाय सहभागाचे क्रेडिट आहेत. दोन क्रेडिटचा विषय म्हणजे तीस तास. त्यातले दहा तास वर सांगितलेल्या प्रकरणांच्या वाचनाला द्यावेत. दहा तास शहरात घालवावेत: भरतीच्या वेळी होल्डिंग पॉन्डचे, म्हणजे पावसाचे पाणी साठवणाऱ्या तळ्यांचे, दरवाजे कसे चालतात ते पाहणे, गावठाणातल्या आगरी-कोळी वडीलधाऱ्यांना उधाणाविषयी विचारणे, एखाद्या कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला वर्गात बोलावणे, आपल्याच महाविद्यालयाचा जिना सुट्टीच्या घंटेला किती मिनिटांत रिकामा होतो आणि मुले नेमकी कुठे अडतात ते मोजणे. मॉक ड्रिलला अग्निशमन दलाची शिडी आणि फोटो याखेरीज काही मोजले जात नाही, म्हणून हे मोजायचे.

एका बाबतीत मात्र शिक्षकाने कठोर असावे. मुलांना मुलाखती घ्यायला इर्शाळवाडीच्या वाचलेल्यांकडे पाठवू नये. ज्यांच्याकडून आधीच अनेकांनी सगळे वदवून घेतले आहे, त्यांना पाच गुणांच्या प्रकल्पासाठी पुन्हा रडवण्याचा हक्क आपल्याला नाही. आणि वर्गातच कुणी असेल, ज्याचे घर २०१९ ला महापुरात गेले, ज्याचा आजोबा करोनात बेडसाठी ताटकळत गेला, हे पहिल्या तासाच्या आधी गृहीत धरावे. त्या मुलाला बोलायला लावू नये, आणि बोलायचे असेल तर अडवू नये. महाविद्यालयात समुपदेशक असेल तर तो या विषयाचा भाग असावा.

परीक्षेत ‘आपत्ती म्हणजे काय’ हा प्रश्न टाळावा. त्याऐवजी द्यावे: तुमच्या इमारतीला सी-१ नोटीस आली आहे, चौदा कुटुंबे आहेत, तिघांना जायचे नाही, पहिल्या आठवड्यात तुम्ही कुणाशी, कोणत्या क्रमाने आणि काय बोलाल? याचे एकच बरोबर उत्तर नाही, म्हणून तपासणीला वेळ लागेल आणि विद्यापीठाला ते गैरसोयीचे वाटेल. शिकवणार कोण, हाही प्रश्न आहे. आज हे प्रकरण भूगोलाच्या किंवा पर्यावरणाच्या शिक्षकाकडे जाते, मानसशास्त्राचे पद कित्येक महाविद्यालयांत रिकामे आहे आणि समाजशास्त्र वाणिज्य शाखेत नसतेच. वेगवेगळ्या विभागांच्या शिक्षकांनी दहा-दहा तास वाटून घ्यावेत आणि ते प्रत्येकाच्या कार्यभारात धरले जावेत, एवढी परवानगी मिळाली तरी पुढच्या जूनपासून हा विषय सुरू करता येईल.